पॉज दाबा आणि गप्प बसा: लहान मुलांसोबत ॲनिमेशनपट कसे पाहावेत

आमच्या बालवाडीत शनिवारचा शेवटचा पाऊण तास पडद्याचा असतो. जुना प्रोजेक्टर, त्याला जोडलेला माझा लॅपटॉप आणि भिंतीवर दोन खिळ्यांना अडकवलेली पांढरी चादर. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलली की पडद्यावरचा हत्तीही पोट हलवतो, त्यावर मुलं खूश. सुरुवातीला मीही तेच करायचे जे सगळे करतात. कार्टून लावायचं, मुलं गप्प झाली की मागे बसून हजेरीचं रजिस्टर पूर्ण करायचं.

एका शनिवारी ऐन मोक्याला लाईट गेली. पडद्यावरच्या खारीला नदीपलीकडचं फळ दिसलं होतं आणि सगळीकडे अंधार. पाच-सात मिनिटं लाईट आली नाही. तेवढ्या वेळात मुलांनी खारीला पलीकडे न्यायचे मार्ग काढायला सुरुवात केली. दुधाची पिशवी फुगवून तिच्यावर बसायचं. नदीला सांगायचं, जरा थांब. फळालाच इकडे बोलवायचं. लाईट आली तेव्हा खार एका ओंडक्यावरून पलीकडे गेली, आणि मुलं चक्क हिरमुसली. एवढंच?

तेव्हापासून लाईट मी स्वतःच घालवते, म्हणजे पॉज दाबते. खाली लिहिलंय ते एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हे चालतं. घरी एकच मूल असेल तरी चालतं, अंगणवाडीत पंधरा असतील तरी. खर्च जवळपास काही नाही.

पहिली पायरी: काय लावायचं

तीन ते दहा मिनिटांचं, आणि शक्यतो संवाद नसलेलं. दीड-दोन तासांचे मोठे सिनेमे सुट्टीत सगळ्यांनी मिळून बघायला छान, पण या कामाला ते उपयोगाचे नाहीत. त्यात मुलं गोष्टीच्या मागे धावत राहतात, थांबायला तयार नसतात.

संवाद नकोत याचं कारण साधं आहे. पात्र 'मला भीती वाटते' असं बोललं की विषय संपला. बोललं नाही तर मूल त्याचे खांदे बघतं, शेपटी बघतं, डोळे कुठे वळले ते बघतं आणि स्वतः ठरवतं. दुसरा फायदा भाषेचा. मुलांना मिळणारी बहुतेक कार्टून हिंदी किंवा इंग्रजीत असतात. मूकपट लावला की पडद्यावर कुठलीच भाषा नसते, मग खोलीतली भाषा मराठीच राहते. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायचा. असे मूकपट पाहताना मात्र आजीला व्हिडिओ कॉलवर काय चाललंय ते सांगायचं म्हणून तो मराठीत बोलायला लागला, कारण आजीला पडदा दिसत नाही.

निवडण्यापूर्वी आवाज बंद करून तुम्ही एकदा बघा. गोष्ट कळली का? कुठेतरी पात्र पुरतं अडकतं का? चित्र दर दोन सेकंदांनी बदलत नाही ना? भडक, धावतं, सतत किंचाळणारं काही असेल तर सोडून द्या. त्यात मुलाला विचार करायला फटच नसते.

मी वारंवार वापरते ते तीन सांगते.

चेक चित्रकार झ्देनेक मिलर यांचा छोटा 'क्र्तेक', म्हणजे इंग्रजीत ज्याला 'मोल' म्हणतात तो जमीन पोखरणारा काळा, गुबगुबीत प्राणी. आपल्याकडे तो दिसत नाही, म्हणून आमची मुलं त्याला सरळ 'काळा उंदीर' म्हणतात. पहिला भाग 1957 चा. त्यात या क्र्तेकला खिसे असलेली विजार हवी असते आणि ती मिळते जवसाच्या रोपापासून. पहिल्या भागात तो बोलतो. पण कुठल्याही देशातल्या मुलांना कळावं म्हणून मिलर यांनी पुढे त्याचं बोलणंच काढून टाकलं. उरले फक्त हसण्याचे, दचकण्याचे आवाज, आणि ते त्यांनी स्वतःच्या मुलींकडून करून घेतले.

दुसरा, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा 'अ चेअरी टेल', तोही 1957 चाच. नॉर्मन मॅक्लॅरेन आणि क्लोद जुत्रा यांनी केलेला. एक माणूस, एक खुर्ची. माणसाला बसायचंय आणि खुर्ची बसू देत नाही. माणूस खरा, खुर्चीही खरी, फक्त ती चालते, पळते, रुसते. संगीत पंडित रविशंकर आणि चतुरलाल यांचं, त्यामुळे धावपळीला सतार-तबला आहे. रंग नाही, संवाद नाही, सुमारे दहा मिनिटं. मोठ्यांना वाटतं मुलं कंटाळतील. एकदा लावून बघा.

तिसरा आपल्या पिढीला पाठच आहे: 'एक अनेक और एकता', 1974, फिल्म्स डिव्हिजनचा, विजया मुळे यांचा. चित्रं जिवंत केली भीमसेन यांनी. यात गाणं आहे, बोलणं आहे, शिवाय उत्तर थेट सांगितलंय, म्हणून खरं तर हा माझ्या नियमात बसत नाही. तरी लावते, कारण पक्षी जाळ्यात सापडतात ती जागा थांबायला सोन्यासारखी आहे. गोष्ट माहीत असलेली मुलं लगेच ओरडतात, उंदीर येणार! तेव्हा विचारायचं, उंदीर गावाला गेला असेल तर?

दुसरी पायरी: आधीची तयारी

व्हिडिओ शक्य असेल तर आधी उतरवून ठेवा. नाहीतर मध्येच साबणाची जाहिरात येते, किंवा संपल्यावर पुढचं काहीतरी आपोआप सुरू होतं आणि तुमची बैठक तिथेच मोडते. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करून ठेवा.

थांबायच्या दोन जागा शोधा आणि कागदावर मिनिट-सेकंद लिहून ठेवा. दोनच. पात्र अडकलेलं असेल ती एक, आणि पडद्यावर काहीतरी अर्धवट दिसतंय ती दुसरी: दाराची फट, सावली, पिशवीतून डोकावणारं काहीतरी.

एका वेळी दहाच्या वर मुलं नकोत. जास्त असतील तर दोन गट करा, तोवर दुसरा गट मातीत खेळू दे. एकट्या मुलाला टॅब चालेल, पण दोघा-तिघांना मोबाईलवर दाखवू नका. सगळा वेळ डोकी बाजूला ढकलण्यात जातो.

वेळेचं म्हणाल तर, दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा दिवसाचा एकूण पडदा एक तासाच्या आत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपला खेळ त्यातली दहा-वीस मिनिटं घेतो. बाकी सगळं पडदा बंद असताना चालतं. घास भरवताना लावलेलं कार्टून या लेखात धरलेलं नाही, त्याचं मला काही सांगता येणार नाही.

तिसरी पायरी: पहिल्यांदा अख्खा दाखवा

इथे मी चुकले होते, म्हणून सांगते. पॉजचं खूळ डोक्यात शिरल्यावर मी सहा मिनिटांचा चित्रपट पहिल्याच खेपेला नऊ वेळा थांबवला. पाचव्यांदा एक मुलगी उठली आणि चपला घालायला लागली. 'ताई, तुमचं झालं की सांगा,' म्हणाली.

पहिल्यांदा थांबू नका, बोलू नका, 'बघ बघ, आता गंमत' असं म्हणू नका. पूर्ण होऊ द्या. दुसऱ्यांदा लावताना थांबायचं. शेवट माहीत असतो, मग मुलं काय वेगळं सांगणार असं वाटेल. उलट होतं. शेवटाची काळजी मिटली की मुलं आजूबाजूला बघायला लागतात. त्यांना तसंही तेच तेच पुन्हा बघायला आवडतं. मोठे कंटाळतात, ती नाही. लाईट गेली होती तेव्हा मुलांनी अर्ध्यातच भराऱ्या मारल्या हे खरं, पण तो योगायोग होता. रोज मुद्दाम केलं तर मुलांना ती फसवणूक वाटते.

चौथी पायरी: पॉज

हीच खरी पायरी, म्हणून जरा सविस्तर.

खुर्चीचा चित्रपट. माणूस दमून जमिनीवर बसलाय, खुर्ची लांब उभी आहे. मी थांबवते.

'काय चाललंय इथे?'

'खुर्ची रुसलीय.'

'कशावरून?'

'तिनं तोंड फिरवलंय.'

'खुर्चीला तोंड कुठंय?' हे मी नाही विचारलं, शेजारच्या पोराने विचारलं.

'पाठ आहे ना! मग पाठीच्या दुसऱ्या बाजूला तोंडच असणार.'

साडेचार वर्षांची मुलगी. मी काहीच केलं नव्हतं, फक्त 'कशावरून' म्हटलं होतं. या एका शब्दाने जेवढं काम होतं तेवढं कुठल्याच साहित्याने होत नाही. मूल पुन्हा चित्राकडे वळतं, पुरावा शोधतं, आणि पुरावा नसेल तर बनवतं. दोन्ही आपल्याला हवंच आहे.

प्रश्न तीन-चारच ठेवा. काय चाललंय? कशावरून? आणखी काय दिसतंय? आणि मग: आता काय काय होऊ शकेल?

शेवटच्या प्रश्नातला दुसरा 'काय' गाळू नका. 'आता काय होईल?' विचारलं की मुलं तुमच्या तोंडाकडे बघून बरोबर उत्तर शोधतात. 'काय काय' म्हटलं की त्यांना कळतं, एकापेक्षा जास्त हवीत. आपल्या भाषेने दिलेली ही फुकटची सोय आहे. तशीच 'कोण कोण येऊ शकेल', 'कुठे कुठे लपला असेल'.

विचारल्यावर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. सातव्या आकड्याला तुम्हाला वाटेल की कुणालाच काही सुचत नाहीये, आपण एक सांगून मदत करावी. करू नका. मला हे जमायला अख्खं वर्ष लागलं. अजूनही मी पाण्याची बाटली हातात ठेवते आणि प्रश्न विचारला की घोट घेते, म्हणजे तोंड बंद राहतं.

'शाब्बास' म्हणू नका. हे ऐकायला कठोर वाटेल, पण एकाला शाब्बासकी मिळाली की पुढचे चार जण तेच उत्तर जरा फिरवून देतात. त्याऐवजी मुलाचेच शब्द परत म्हणा: 'हं, रुसलीय म्हणतेस.' सगळं फळ्यावर लिहा किंवा छोट्या खुणेने काढा. वाचता येत नसलं तरी आपलं म्हणणं फळ्यावर गेलं हे मुलांना बरोबर कळतं.

पहिली दोन-तीन उत्तरं बहुतेक उसनी असतात, दुसऱ्या कुठल्यातरी कार्टूनमधली. उडून जाईल, जादू होईल, बॉम्ब फुटेल. येऊ द्या. चौथ्या-पाचव्या उत्तरापासून मुलाचं स्वतःचं घर, आजोबा, दळणाचा डबा, एसटी हे सगळं यायला लागतं, आणि माझ्या दृष्टीने खेळ तिथून सुरू होतो. एकाने जाळ्यातल्या पक्ष्यांना सोडवायला 'गॅसवाल्याचा चिमटा' आणला होता. कसला चिमटा ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दोन-तीन मिनिटांत पुढे चालू करा. कुणाचं उत्तर 'बरोबर आलं' याचा हिशेब काढू नका.

पाचवी पायरी: पडदा बंद झाल्यावर

'तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?' हे वाक्य गिळा. आपण सगळे तात्पर्यावर वाढलेली माणसं आहोत, त्यामुळे ते आपोआप ओठांवर येतं. पण तात्पर्य आलं की मुलांच्या डोक्यात गोष्टीचं झाकण लागतं.

त्याऐवजी यातलं एक काहीतरी करा. रोज सगळं नको.

आवाज द्यायचा खेळ: तोच चित्रपट आवाज बंद करून लावा आणि मुलांना स्वयंपाकघरातलं सामान द्या. ताटात तांदूळ ओतला की पाऊस. कॅरीबॅग चुरगाळली की सुकी पानं किंवा जाळ. दोन करवंट्या आपटल्या की घोडा. मुलं भांडतात ती बर्फावर चालण्याच्या आवाजावरून, कारण बर्फ कुणीच तुडवलेला नसतो. आमच्याकडे शेवटी कॉर्नफ्लोअरच्या पुडीवर एकमत झालं. पुडी दाबली की कुरकुर आवाज येतो.

वस्तूचा खेळ: मधोमध खरी खुर्ची ठेवा. प्रत्येकाने येऊन ती खुर्ची नाही असं समजून काहीतरी करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. बस, तुरुंग, म्हैस, डोंगर. बोलायचं नाही. एका मुलाने ती उलटी केली आणि चार पायांच्या मध्ये काहीतरी शिजवायला लागला.

चित्र: क्र्तेकचं चित्र काढा म्हटलं तर क्र्तेकच काढतात, तोही शेजाऱ्याचा बघून. 'चित्रपटात जे दिसलंच नाही ते काढा' असं सांगा. क्र्तेकच्या बिळात आणखी खाली काय होतं? ती खुर्ची रात्री कुठे झोपते? मग कॉपी करायला शेजाऱ्याकडे काही नसतं.

सहावी पायरी: आपलं कार्टून

दोन-तीन महिने बघून झाल्यावर मुलं विचारतातच, हे हलतं कसं? तेव्हा करायला घ्या, आधी नको.

सर्वात सोपं म्हणजे फिरती चकती. पत्रिकेच्या जाड कागदाची गोल चकती, एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट (उलटा काढायचा, डोकं खाली), दोन्ही कडांना दोरा. दोरा बोटांत पिळून सोडला की पोपट पिंजऱ्यात. एकोणिसाव्या शतकातलं हे खेळणं आजही मुलांना पाच मिनिटं गप्प करतं. मग विचारायचं, एका बाजूला पोपट आहे, तर दुसऱ्या बाजूला काय काय असू शकेल?

त्यानंतर मोबाईल. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' नावाचं ॲप आहे, त्याची मोफत आवृत्ती पुरते. मोबाईल दोन डब्यांच्या मध्ये उभा घट्ट बसवा आणि टेबलावर त्याच्या कडांना चिकटपट्टीने खुणा करा. हलला तर परत त्याच जागी ठेवता येतो. खिडकीजवळ करू नका. ढग आला की फोटो काळवंडतो आणि चित्रपट लुकलुकतो. पडदे ओढा, एकच दिवा लावा. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, मोठे कलाकारही पुष्कळदा बारा चित्रांत भागवतात. आपल्याला सहा पुरेत. म्हणजे दहा सेकंदांसाठी साठ फोटो, आणि पाच वर्षांच्या मुलांचा धीर साठ फोटोंपर्यंतच टिकतो.

पात्र कणकेचं करू नका, दिव्याखाली ते बसत जातं. बटणं, चिंचोके, शेंगा, खराट्याच्या काड्या उत्तम. एकजण सरकवणार, एकजण बटण दाबणार आणि एकजण ओरडणार: 'हात बाहेर!' हे तिसरं काम सगळ्यांना हवं असतं. आळीपाळीने द्या.

मुलांना इथे मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला. त्याआधी त्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोप वाढताना थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर दाणा भराभर उगवताना बघून पैसे लावणाऱ्यांना या माणसावर विश्वास बसला. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवणारा एक छोटा चित्रपटही केला. मुलांना वाटतं कार्टून कुठूनतरी लांबून येतं. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाने काडेपेटीतून ते काढलं होतं, हे ऐकून खराट्याच्या काड्यांचा भाव वाढतो.

अडचणी येतील त्या

काही मुलं महिना-महिना काहीच बोलत नाहीत. त्यांना विचारून विचारून बोलतं करू नका. खडू द्या, फळ्यावर काढू दे. आमच्याकडचा एक मुलगा पहिल्यांदा बोलला तो 'हात बाहेर' ओरडायच्या पाळीला.

एखादाच सगळी उत्तरं देत असेल तर त्याला पॉज दाबायचं काम द्या. बटण हातात असलं की तो बाकीच्यांकडे बघायला लागतो.

प्रत्येक उत्तरात मारामारी येत असेल तर रागावू नका. 'मारलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय काय झालं?' असं विचारा. गोष्ट लांबवली की तलवार आपोआप मागे पडते.

चित्रपट बघून मूल घाबरलं तर तिथेच बंद करा, 'खोटं असतं रे' म्हणून पुढे रेटू नका. नंतर त्या भीतीच्या वस्तूला एक हास्यास्पद चप्पल काढून द्यायला सांगा.

आणि पालक. 'ताई, शाळेत पण कार्टूनच?' हे विचारलं जाणार. मी समजावत बसत नाही, त्या शनिवारी त्यांनाच चटईवर बसवते. पॉज दाबला की सर्वात आधी उत्तर देतात ते वडीलच, आणि मुलं त्यांना विचारतात, 'कशावरून?'

फाळक्यांच्या मटाराच्या जागी आम्ही मागच्या पावसाळ्यात मूग लावले. वाटीत ओला कापूस, वर पाच मूग, मोबाईलची जागा खुणेने पक्की, सकाळी एक आणि घरी जाताना एक फोटो. तिसऱ्या दिवशी मोड, पाचव्या दिवशी पानं. सातव्या दिवशी सकाळी वाटीत चारच मूग. कुणी खाल्ला ते कळलं नाही, उंदीर असेल नाहीतर आमच्यातलंच कुणी. मी वाटी बदलून पहिल्यापासून सुरू करायला निघाले होते, तर मुलांनी अडवलं. चौदा फोटोंचा, दोन-अडीच सेकंदांचा तो चित्रपट तसाच ठेवला. बाराव्या फोटोनंतर एक मूग नाहीसा होतो. आम्ही तिथे पॉज दाबला. तो कुठे कुठे गेला असेल? फळ्यावर तेवीस उत्तरं झाली आणि शेवटचं लिहायला जागा उरली नाही म्हणून ते दारावर लिहिलं: तो फोटो काढायला गेलाय.